चांदण्यातल्या शाळांचा मुलूख

देशोदेशीची गावे

मंडळी, अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती, रुंद सडका आणि मैलमैल पसरलेली सपाट शेते येतात. पण त्या देशातही डोंगरकपारीची गावे आहेत. ओढ्याच्या कडेने वर चढत गेलेल्या वाड्या आहेत, उताराची हलकी जमीन आहे आणि पावसाळ्यात चार-चार दिवस पलीकडच्या काठाशी संबंध तुटणारी घरेही होती. अशाच एका मुलखाची ओळख आज करून घेऊ.

अमेरिकेच्या पूर्वेकडे अ‍ॅपलाचियन नावाची लांबच लांब डोंगररांग आहे. केंटकी राज्याचा पूर्व भाग या डोंगरांत येतो. तिथे रोवन नावाची कौंटी आहे. कौंटी म्हणजे आपल्या तालुक्याएवढा मुलूख समजा, पण कारभार जिल्ह्यासारखा स्वतंत्र. रोवनचे क्षेत्रफळ सुमारे ७४० चौरस किलोमीटर आणि वस्ती २०२० च्या शिरगणतीत पंचवीस हजारांच्या आतबाहेर. कौंटीचे मुख्य गाव मोरहेड. १८५६ साली शेजारच्या दोन कौंट्यांचे तुकडे काढून ही कौंटी बनवली आणि जॉन रोवन नावाच्या केंटकीच्या जुन्या पुढाऱ्याचे नाव तिला दिले. लिकिंग नदी हिच्या कडेने वाहते आणि ट्रिप्लेट नावाचा ओढा मोरहेडला वळसा घालून जातो.

इथल्या लोकांचे पोट चाले ते लाकूडतोडीवर, खाणीतल्या दगडमातीवर आणि ओढ्याकाठच्या लहान लहान शेतांवर. मक्याच्या जोडीला रोख पैशाचे पीक म्हणजे बर्ली जातीचा तंबाखू. आपल्या निपाणीकडच्या वाचकांना त्याची रीत ऐकून मौज वाटेल. तिकडे झाड बुडातून तोडतात, खोडासकट काठीला ओवतात आणि उंच लाकडी वखारीत टांगून नुसत्या वाऱ्यावर वाळवतात. कोणी किती तंबाखू विकायचा याचा वाटा अनेक वर्षे सरकार ठरवून देत असे. २००४ च्या कायद्याने ती पद्धत बंद झाली आणि डोंगरातल्या पुष्कळ लहान शेतकऱ्यांनी तंबाखू सोडला.

भाऊबंदकीचे रक्त

या कौंटीचे नाव देशभर पहिल्यांदा गाजले ते मात्र वाईट कारणाने. सन १८८४ चा ऑगस्ट महिना, निवडणुकीचा दिवस. मोरहेडच्या रस्त्यावर बाचाबाची झाली, बंदुका निघाल्या, एक माणूस ठार झाला आणि काही जखमी झाले. जखमींत जॉन मार्टिन नावाचा गृहस्थ होता. कोणाच्या गोळीने कोण पडले यावरून मार्टिन आणि टॉलिव्हर या घराण्यांत वैर धरले गेले. त्याच वर्षी डिसेंबरात मार्टिनने फ्लॉइड टॉलिव्हर याला गोळी घातली. मार्टिनला जिवाला धोका म्हणून दुसऱ्या कौंटीच्या तुरुंगात ठेवले, तर टॉलिव्हरच्या माणसांनी खोटा हुकूम तयार करून त्याला परत मागवले. आगगाडी फार्मर्स नावाच्या स्टेशनात थांबली, माणसे डब्यात शिरली आणि हातात बेड्या असलेल्या मार्टिनला त्यांनी गोळ्या घातल्या.

पुढची तीन वर्षे मोरहेडला कायदा असा राहिलाच नाही. क्रेग टॉलिव्हर हा गावचा सत्ताधीश होऊन बसला. राज्य सरकारने पलटण धाडली. पलटण असेतो शांतता आणि ती गेली की पुन्हा तेच. घरेदारे विकून लोक गाव सोडू लागले. या कौंटीला कारभार करता येत नसेल तर ती मोडूनच टाकावी, असाही विचार राज्याच्या विधिमंडळात निघाला. अखेर जून १८८७ मध्ये टॉलिव्हरच्या माणसांनी लोगन घराण्यातल्या दोन तरुण भावांना मारले. त्यांचा नातेवाईक बून लोगन हा वकील होता. तो गव्हर्नरकडे दाद मागायला गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. मग त्याने स्वतःच बंदुका खरेदी केल्या, माणसे गोळा केली आणि २२ जून १८८७ रोजी मोरहेडला वेढा दिला. त्या दिवशी क्रेग टॉलिव्हर आपल्या साथीदारांसह मारला गेला. तीन वर्षांत वीसेक माणसांचा जीव गेला होता. किती बायका विधवा झाल्या आणि किती पोरे पोरकी झाली, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

बांधाच्या भांडणातून आणि निवडणुकीच्या ईर्षेतून घराणी कशी धुळीला मिळतात, हे आपल्याकडेही कोणाला नव्याने सांगायला नको. रोवनची खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

एका मुलीची शाळा

रक्त वाळले न वाळले तोच, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, फीबी बटन नावाची बाई आणि तिचा मुलगा फ्रँक हे दोघे मोरहेडला आले. ख्रिस्ती मंडळीच्या मदतीने त्यांनी तिथे शाळा उघडली. ज्या गावातून लोक पळून जात होते, त्या गावात शाळा! पहिल्या दिवशी पटावर एकच नाव लागले, एका अनाथ मुलीचे. मायलेकांनी त्या एका मुलीला घेऊन शाळा सुरू केली. ज्यांच्या बापांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या, त्यांची मुले हळूहळू एका बाकावर बसू लागली.

हीच शाळा १९२२ साली राज्य सरकारने शिक्षक तयार करण्याची संस्था म्हणून आपल्याकडे घेतली आणि फ्रँक बटन तिचा पहिला अध्यक्ष झाला. १९६६ साली तिचे विद्यापीठ झाले. आज मोरहेडच्या डोंगरावर या विद्यापीठाची एकवीस मीटर व्यासाची मोठी तबकडी उभी आहे. अंतराळातल्या यानांचे संदेश ती पकडते. इथल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी तयार केलेला एक लहानसा उपग्रह नोव्हेंबर २०२२ मध्ये चंद्राकडे निघालेल्या अमेरिकन अग्निबाणाबरोबर वर गेला. एका पोरक्या मुलीपासून सुरू झालेला पट एवढा लांबला.

तीन माणसे, तीन दुःखे

पण मंडळी, मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते कोरा विल्सन स्टुअर्ट या बाईंविषयी.

कोराबाईंचा जन्म १८७५ चा. वडील डॉक्टर, आई शिक्षिका. याच कौंटीत त्या वाढल्या आणि तरुणपणीच शाळेत शिकवू लागल्या. १९०१ साली कौंटीच्या शाळांच्या प्रमुख म्हणून त्या निवडून आल्या. तेव्हा तिकडे बायकांना साध्या निवडणुकीत मत देण्याचाही अधिकार नव्हता, हे ध्यानात घ्या. संसारसुख बाईंच्या नशिबी फारसे नव्हते. एकुलते बाळ वर्षाचे व्हायच्या आत गेले आणि लग्नही टिकले नाही. बाईंनी सारा जीव शाळांत ओतला.

कचेरीत बसल्या बसल्या त्यांना तीन माणसे भेटली. ती त्यांनी जन्मभर लक्षात ठेवली आणि पुढे आपल्या पुस्तकात लिहून ठेवली.

पहिली एक म्हातारी आई. तिची एक मुलगी थोडेफार शिकून दूर शिकागो शहरी गेलेली. तिचे पत्र आले की म्हातारी ते घेऊन कोराबाईंकडे यायची, वाचून घ्यायची आणि उत्तर लिहवून घ्यायची. मध्ये सहा आठवडे ती आलीच नाही. आली तेव्हा तिच्या हातात पत्र होते, पण या वेळी ते तिने स्वतः वाचले होते. कसे? तर तिच्या घराच्या आणि शेजाराच्या मध्ये ओढा होता. ओढ्याला पाणी आले की लेकीचे पत्र तीन-तीन, चार-चार दिवस पदरात बांधून ठेवावे लागे. पत्र हातात आहे, आत लेकीची खुशाली आहे की संकट आहे, काही कळायला मार्ग नाही! शेवटी तिने एक अंकलिपी विकत आणली आणि रात्री जागून जागून अक्षरे घोटली.

दुसरा एक मधल्या वयाचा धडधाकट माणूस. काही कामासाठी कचेरीत थांबला होता म्हणून बाईंनी त्याच्या हाती दोन पुस्तके दिली. तो पाने उलटी-सुलटी चाळत राहिला. विचारले तेव्हा त्याचे डोळे भरून आले. वाचता-लिहिता येण्यासाठी आयुष्यातली वीस वर्षे देऊन टाकीन, असे तो म्हणाला.

तिसरा वीस वर्षांचा पोरगा. शाळेच्या कार्यक्रमात त्याने स्वतः रचलेला पोवाडा म्हटला. बाईंना तो इतका आवडला की त्यांनी तो लिहून मागितला. पोरगा म्हणाला, लिहिता आले असते तर दिला असता. याहून चांगली शंभर गाणी त्याच्या मनात आली होती, पण लिहून घेणारा भेटेपर्यंत ती विसरून गेली.

या तिघांना शाळा कोणती? दिवसा शाळा मुलांची. शिवाय दिवसा यांना शेत, लाकूड, जनावरे आणि चूल. मग शाळा रात्री भरवायची! पण रात्रीचे रस्ते वाईट होते. मध्ये घळी होत्या आणि ओढ्यांवर पूल नव्हते. म्हणून बाईंनी ठरवले की शाळा चांदण्या रात्रींना भरवायची. चंद्र वाट दाखवील. त्यावरून या शाळांचे नावच चांदण्यातल्या शाळा पडले.

बाराशे माणसे

सप्टेंबर १९११ ची गोष्ट. दिवसा मुलांना शिकवणारे कौंटीतले शिक्षक एक पैसा न घेता रात्री शिकवायला तयार झाले. आदल्या दिवशी कामगारदिनाची सुटी होती. त्या दिवशी हे शिक्षक घरोघर फिरले आणि डोंगरातल्या दारादारांत जाऊन लोकांना या म्हणाले. ५ सप्टेंबरच्या रात्री शाळा उघडल्या. सगळ्या कौंटीत मिळून दीडशे माणसे आली तरी पुष्कळ, असा बाईंचा अंदाज होता.

आली बाराशे!

कोणी अठरा वर्षांचे, कोणी शहाऐंशी वर्षांचे. काठी टेकत आजोबा आले आणि कडेवर तान्हे घेऊन लेकुरवाळ्या आल्या. दिवसा नातू ज्या बाकावर बसे, त्याच बाकावर रात्री आजी बसली.

आता शिकवायचे काय? बाईंनी इथे मोठी शहाणपणाची गोष्ट केली. पोरांचे पुस्तक मोठ्यांच्या हाती दिले नाही. कुत्रा, मांजर आणि चेंडू वाचताना पन्नाशीच्या माणसाला लाज वाटणारच. त्यांनी खास एक लहानसे वर्तमानपत्र काढले. त्यात सोपी, पुन्हा पुन्हा येणारी वाक्ये असत आणि त्यात कौंटीतल्याच बातम्या असत. अमुक खोऱ्याने शाळा रंगवली, तमुक ओढ्याच्या लोकांनी रस्ता नीट केला, असे वाचले की दुसऱ्या खोऱ्याला इरेस पेटावेच लागे. अक्षर शिकता शिकता गावसुधारणाही होऊ लागली. पुढे १९१५ पासून बाईंनी खेड्यातल्या मोठ्या माणसांसाठी वाचनपुस्तके लिहिली. त्यांत जमिनीचा कस, बी-बियाणे, रस्ते, बँकेचा व्यवहार, आरोग्य आणि मतदान असे रोजच्या जगण्यातले विषय होते.

लिहिण्याची युक्तीही ऐकण्यासारखी आहे. नांगर आणि कुऱ्हाड धरून राठ झालेली बोटे पेन्सिलीला वळत नाहीत. म्हणून जाड मऊ कागदात ज्याचे त्याचे नाव खाचेसारखे दाबून दिले जाई. त्या खाचेतून पेन्सिल फिरवायची. चार-सहा वेळा फिरवली की हाताला वळण लागे. मग साध्या कागदावर सही! आंगठा दाबणारा माणूस आपले नाव स्वतः लिहितो तेव्हा त्याची मान कशी ताठ होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या रात्री डोळ्यांपुढे आणता येतील.

दुसऱ्या वर्षी सोळाशे माणसे आली. तिसऱ्या वर्षी, १९१३ मध्ये, बाईंनी ठरवले की आता कौंटीत एकही निरक्षर ठेवायचा नाही. घरोघर मोजणी झाली. ११५२ माणसांची यादी निघाली. नुसती नावे लिहिली नाहीत. कोणाला कशाची गोडी आहे आणि कोण कशाने रुसतो, हेही टिपून ठेवले. मग प्रत्येकाने एकाला शिकवायचे असा नेम झाला. डॉक्टर आजारातून उठणाऱ्या रोग्याला शिकवू लागले, पाद्री आपल्या मंडळीतल्या लोकांना शिकवू लागले आणि मुले आईबापांना शिकवू लागली. जे शाळेपर्यंत चालू शकत नव्हते त्यांच्या घरी शिकवणारा जाई.

मोहिमेअखेर तेवीस माणसे राहिली. त्यांचाही हिशेब बाईंनी दिला आहे. सहा दृष्टीने अधू, पाच अंथरुणाला खिळलेली, सहा बुद्धीने मंद, दोन नुकतीच राहायला आलेली आणि चौघांनी काही केल्या शिकायचे नाकारले!

हे आकडे बाईंच्याच अहवालातले आहेत, हे सांगितले पाहिजे. नाव लिहिता आले आणि दोन ओळी वाचता आल्या म्हणजे माणूस पुरता साक्षर झाला का, असा प्रश्न पुढच्या अभ्यासकांनी विचारला आहे आणि तो रास्त आहे. काही आठवड्यांच्या शिक्षणाला पुढे सरावाचे खतपाणी नसेल तर ते विरते. तरीही बाराशे माणसे लाज बाजूला सारून रात्री घराबाहेर पडली, ही गोष्ट कोणाला खोडता येत नाही.

केंटकी राज्यात तेव्हा दोन लाखांहून अधिक माणसे निरक्षर होती. १९१४ साली राज्याने निरक्षरता हटवण्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला. अमेरिकेतला असा हा पहिला आयोग, आणि कोराबाई त्याच्या प्रमुख. दुसऱ्या राज्यांनीही अशा शाळा काढल्या. पहिल्या महायुद्धात सैन्यभरती सुरू झाली तेव्हा पुष्कळ जवानांना सही करता येत नाही असे दिसले. बाईंनी त्यांच्यासाठी १९१७ मध्ये निराळे पुस्तक लिहिले. १९२० साली आयोगाची मुदत संपली आणि राज्याचा पैसा थांबला. बाई देशपातळीवर काम करीत राहिल्या. उतारवयात त्यांची दृष्टी गेली. हजारोंना वाचायला शिकवणाऱ्या बाईंना अखेरीस स्वतःला वाचता येत नव्हते. २ डिसेंबर १९५८ रोजी त्या वारल्या. त्यांच्या काळातली एका खोलीची शाळा डोंगरातल्या खोऱ्यातून हलवून मोरहेडला आणून जपून ठेवली आहे.

डॉक्टरीणबाई आणि तलाव

रोवनची आणखी एक लेक म्हणजे डॉक्टर लुईझ कॉडिल. त्यांचा जन्म मोरहेडचा, १९१२ चा. डॉक्टर होऊन मोठ्या शहरात राहायचे सोडून त्या गावी परतल्या आणि सूझी हालब्लाइब या परिचारिकेला जोडीला घेऊन त्यांनी दवाखाना थाटला. डोंगरात बाळंतपण म्हणजे जिवाशी खेळ. या दोघी चिखल तुडवीत वस्त्यांवर जात. कॉडिलबाईंच्या हातून हजारो बाळंतपणे झाली. गावाला इस्पितळ हवे म्हणून त्यांनी आणि गावकऱ्यांनी खटपट केली, ख्रिस्ती जोगिणींच्या एका संघाने भार उचलला आणि १९६३ साली मोरहेडला इस्पितळ उघडले. बाईंचे पहिले नाव क्लेअर. इस्पितळालाही त्याच नावाच्या संतिणीचे नाव दिले आहे.

पाण्याने या मुलखाला रडवलेही फार. १९३९ च्या जुलैत एका रात्री ट्रिप्लेट ओढ्याला अचानक लोंढा आला. झोपेतली माणसे वाहून गेली आणि वीसाहून अधिक जीव गेले. पुढे लिकिंग नदीवर मातीचे मोठे धरण झाले. १९७० च्या दशकात त्यामागे केव्ह रन नावाचा सुमारे आठ हजार एकरांचा तलाव भरला. खालच्या गावांचा पूर आवरला आणि मासेमारीला दुरून लोक येऊ लागले. पण नदीकाठची सुपीक गाळाची शेते त्या पाण्याखाली गेली आणि पिढ्यानपिढ्यांची घरे उठली. धरणाचे पाणी एकाच्या दारी दिवाळी आणि दुसऱ्याच्या दारी शिमगा घेऊन येते, हे तिकडेही खरे.

आपल्या ओट्यावर

मंडळी, रोवन कौंटीत कोणी राजा झाला नाही, किल्ला नाही की सोन्याची खाण नाही. ज्या गावाची आशा सरकारनेही सोडत आणली होती, ते उभे राहिले एका मायलेकांच्या शाळेने, रात्री फुकट शिकवणाऱ्या मास्तरांनी आणि चिखल तुडवणाऱ्या दोन बायकांनी.

आता आपल्या घराकडे पाहा. पत्रांचा जमाना मागे पडला, तरी ती शिकागोवाल्या लेकीची आई आपल्याकडेही आहे. फोनवर बँकेचा निरोप येतो आणि सासूबाई तो नातवापुढे धरतात. नातू घाईत असला की पैसे जमा झाले की कापले गेले, हे संध्याकाळपर्यंत कळत नाही. सोसायटीच्या कागदावर आंगठा लावताना वर काय लिहिले आहे ते विचारायचा संकोच वाटतो. अशा माणसाला वाचून दाखवणे चांगलेच, पण शिकवणे त्याहून चांगले.

घरातल्या शाळकरी मुलांना एक काम सांगा. आजीचे नाव जाड पुठ्ठ्यावर खोल कोरून द्या आणि तिच्या हातात पेन्सिल द्या. पोरांचे पुस्तक तिच्यापुढे ठेवू नका. बियाण्याची पिशवी, एसटीची पाटी, गॅसची पावती आणि हे साप्ताहिक ठेवा. ती चुकली तर हसू नका. आठवडाभरात नाव येईल, महिना-दोन महिन्यांत पाटी वाचेल.

कोजागिरी जवळ आली की अंगणात दूध आटवायला बसाल, तेव्हा ही गोष्ट घरात सांगा. चांदणे तेच आहे. शहाऐंशी वर्षांच्या माणसाने त्या उजेडात ओढा ओलांडला होता.